ब्रॅम्ली सफरचंद

ब्रॅम्ली (पूर्ण नाव ब्रॅम्लीज सीडलिंग) : इंग्लंडमधील सफरचंदाचे जुने वाण. हे फळ शिजवून खाण्याचे आहे. ते मोठे, काहीसे चपटे आणि ओबडधोबड असते. साल हिरवी असून तिच्यावर कधी कधी तांबूस पट्टे दिसतात. गर पांढरट आणि चांगलाच आंबट.

या वाणाचे मूळ नॉटिंगहॅमशरमधील साउथवेल या गावी एका घराच्या परसात आहे. मेरी ॲन ब्रेल्सफर्ड या मुलीने १८०९ मध्ये तेथे सफरचंदाच्या बिया कुंडीत लावल्या. त्यांतले एक रोप पुढे बागेत वाढले. लग्नानंतर मेरी ॲन ते घर सोडून गेली. १८४६ मध्ये मॅथ्यू ब्रॅम्ली या खाटकाने ते विकत घेतले. दहा वर्षांनी हेन्री मेरीवेदर या सतरा वर्षांच्या मुलाने कलमांसाठी काड्या मागितल्या, तेव्हा ब्रॅम्लीने एकच अट घातली : सफरचंदाला माझे नाव द्यायचे. अशा रीतीने पेरणारी मागे पडली आणि मालकाचे नाव कायम झाले. मेरी ॲन त्याआधीच, १८५२ मध्ये, वारली होती. झाडाची खरी जननी तीच, म्हणून या वाणाची कोणतीही हकिगत तिच्यापासूनच सुरू व्हायला हवी. पहिली नोंदलेली विक्री ३१ ऑक्टोबर १८६२ ची आहे : तीन फळे, दोन शिलिंग.

सफरचंदाच्या बीपासून मूळ झाडासारखेच झाड येत नाही. म्हणून आजचे प्रत्येक ब्रॅम्ली हे साउथवेलच्या त्या एकाच झाडाची कलमातून चालत आलेली फांदी होय. मूळ झाड १९०० च्या सुमारास वादळात आडवे झाले, पण जमिनीला टेकलेल्या फांदीने मुळे धरली आणि ते पुन्हा उभे राहिले. पुढे त्याला मुळे कुजवणाऱ्या मधबुरशीने ग्रासले. तेव्हा नॉटिंगहॅम विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी ऊतिसंवर्धनाने, म्हणजे त्याच्या ऊतीचे बारीक तुकडे प्रयोगशाळेत वाढवून, त्याची रोपे तयार केली.

ब्रॅम्ली त्रिगुणित आहे, म्हणजे त्याच्या पेशींत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात. त्यामुळे झाड जोमाने फोफावते, पण त्याचे पराग जवळपास निरुपयोगी ठरतात. ते शेजारच्या झाडाकडून पराग घेते आणि परत काही देऊ शकत नाही. म्हणून बागेत त्याच्याबरोबर एकमेकांना पराग पुरवणारी आणखी दोन वाणे लावतात.

फळातील भरपूर मॅलिक आम्लामुळे गर आचेवर पटकन विरघळतो आणि हलका, फुललेला लगदा होतो. तरीही आंबट चव टिकून राहते. गोड सफरचंदे शिजली की सपक लागतात. ‘ॲपल पाय’ (कणकेच्या पारीत फळे भरून भाजलेला पदार्थ) आणि सॉससाठी ब्रॅम्लीला तोड नाही ती यामुळेच. फळे ऑक्टोबरच्या सुमारास उतरवतात आणि थंड जागी ती कित्येक महिने टिकतात.

उत्तर आयर्लंडमधील अर्मा परगण्यातही याची मोठी लागवड होते. ‘अर्मा ब्रॅम्ली’ला २०१२ मध्ये युरोपीय संघाचे भौगोलिक मानांकन मिळाले.