१०२२ वजा १३ आणि घरी बसून दमलेले प्राध्यापक

"तुम्हा प्राध्यापकांचं बरं होतं हो, दोन वर्षं घरी बसून पगार." कोथरूड-कर्वेनगरातल्या कुठल्याही सोसायटीत लॉकडाऊनचा विषय निघाला की हे वाक्य अजूनही कुणीतरी टाकतंच. टाकणारा आयटीवाला असेल तर जास्तच मजा, कारण तोही तेव्हा घरीच बसून पगार घेत होता, फक्त त्याचं ते वर्क फ्रॉम होम आणि यांचं ते घरी बसणं. ते जाऊ दे, पण प्रश्न खरंच चांगला आहे. सिंहगड रोडचं ट्रॅफिक नाही, चार तास उभं राहून घसा फोडणं नाही, खडू नाही, जिने नाहीत, मग हे लोक दमले कशाने? आणि दमले हे खरं आहे, पुण्यातच नाही तर जगभरातल्या विद्यापीठांमधून हीच तक्रार येत होती.

यावर नेहमीचं उत्तर असतं की बॅटरी संपली. मला हे उत्तर पटत नाही कारण बॅटरी संपली असती तर पंधरा दिवस कोकणात जाऊन चार्ज करून आणता आली असती. शरीरात जे होतं ते जवळपास उलटं असतं, काहीतरी संपलेलं नसतं, काहीतरी बंद व्हायचं राहून गेलेलं असतं.

थोडा इतिहास, पटकन. न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात काम करणारे स्वयंसेवक हळूहळू कोमेजत चाललेत हे बघून हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये बर्नआउटवर, म्हणजे कामाच्या ताणाने माणूस आतून जळून जाण्यावर, लेख लिहिला. १९८१ मध्ये क्रिस्टिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी तो मोजायची प्रश्नावली काढली, त्यात नुसता थकवा मोजत नाहीत, तर समोरच्या माणसांबद्दल कोरडेपणा येणं (म्हणजे मुलं ही मुलं न राहता रोल नंबर होणं) आणि आपण करतोय त्याला काही अर्थ नाही असं वाटणं हेही मोजतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटला आपल्या आजारांच्या यादीत जागा दिली पण आजार म्हणून नाही, कामाच्या जागेशी संबंधित गोष्ट म्हणून, आणि अट अशी की फक्त नोकरीतला ताण धरायचा, घरचा नाही. आता ज्या मॅडम एका हाताने पोळ्या लाटत दुसऱ्या हाताने अटेंडन्स घेत होत्या त्यांचा ताण नोकरीतला की घरचा हे जिनिव्हातल्या संघटनेच्या मुख्यालयात बसून कोण ठरवणार?

आता माझ्या आवडत्या गोष्टीकडे येतो, जरा लांबण लागेल.

१९९३ मध्ये जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठात क्लेमेन्स किर्शबाउम आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग बसवला, आज तो ट्रिअर चाचणी म्हणून जगभर वापरतात. प्रयोगशाळेत धडधाकट माणसाला खात्रीने ताण कसा द्यायचा ही अडचण होती, कारण सुई टोचली, गार पाण्यात हात घालायला लावला तरी सगळ्यांची प्रतिक्रिया सारखी येत नाही. यांनी काय केलं, तर माणसाला थोडी तयारी करायला वेळ दिला, मग तीन जणांच्या पॅनलसमोर उभं करून पाच मिनिटं स्वतःबद्दल बोलायला लावलं, नोकरीच्या मुलाखतीसारखं. मग लगेच गणित, १०२२ मधून १३ वजा करत जायचं, मोठ्याने. १००९, ९९६, ९८३... चुकलात की पुन्हा १०२२ पासून. (करून बघा, एकटे असताना सोपं आहे.) पण खरी गोम पॅनलमध्ये आहे. पॅनलला सक्त सूचना असते की हसायचं नाही, मान डोलवायची नाही, "हं" सुद्धा म्हणायचं नाही, चेहरा कोरा. बस, एवढ्यावर बहुतेकांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणात वाढणारं संप्रेरक, चांगलं दुप्पट-तिप्पट होतं, आणि ते सगळ्यात वर पोचतं चाचणी संपल्यानंतर दहा-वीस मिनिटांनी.

पुढे जर्मनीतच २०१३ मध्ये याचीच प्रेमळ आवृत्ती केली, पॅनल हसतमुख, मान डोलावणारं, बोलणं तेवढाच वेळ, आणि कॉर्टिसॉल जवळजवळ हललंच नाही. त्याआधी २००४ मध्ये सॅली डिकरसन आणि मार्गारेट केमेनी यांनी असे २०८ प्रयोग एकत्र तपासले होते, त्यातही कॉर्टिसॉल सगळ्यात जास्त कधी वाढतं, तर दोन गोष्टी एकत्र आल्या की. एक, लोक आपल्याला जोखतायत ही भावना, आणि दोन, निकाल आपल्या हातात नसणं.

आता २०२० चा ऑनलाइन वर्ग आठवा. साठ काळे चौकोन, सगळे म्यूट, कॅमेरे बंद. विनोद केला तर शांतता, प्रश्न विचारला तर शांतता, "आवाज येतोय ना?" विचारलं की चॅटमध्ये एक "येस सर". वरून लेक्चर रेकॉर्ड होतंय, पलीकडे कुणाचे बाबा ऐकतायत, मध्येच प्राचार्य जॉइन होऊन गेले हे नंतर लिस्ट बघून कळतं. वर्गात पहिल्या दोन बाकांवरची पाच-सहा मुलं मान डोलावतात त्यावर शिक्षक गाडी हाकत असतो, कुठे परत सांगायचं, कुठे पळायचं. ते गेलं. कोरा चेहरा आणि काळा चौकोन एकच असं मी म्हणत नाही, पण दोन्हीकडे मान डोलावणारं कुणी नाही, माझा तर्क एवढ्यावर उभा आहे.

आणि निकाल हातात नसणं? पुण्यात ९ मार्च २०२० ला राज्यातले पहिले कोरोना रुग्ण सापडले, कॉलेजं बंद झाली, आणि नंतर कित्येक महिने शेवटच्या वर्षाच्या परीक्षा होणार की नाही हेच कुणाला माहीत नव्हतं. राज्य सरकार म्हणे परीक्षा नकोत, यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) ६ जुलैला सांगितलं सप्टेंबरअखेर घ्याच, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, २८ ऑगस्टला निकाल लागला की परीक्षेशिवाय पास करता येणार नाही, आणि मग आपल्या पुणे विद्यापीठाच्या परीक्षा ऑक्टोबरात. मधल्या काळात मुलांनी रोज विचारायचं "सर परीक्षा होणार का" आणि सरांनी काय सांगायचं? जे तासिका तत्त्वावर होते, म्हणजे सीएचबीवाले, त्यांना तर तास नाही तर पैसे नाहीत, पुढच्या वर्षी घेतील का तेही माहीत नाही. ताणाचं शरीरशास्त्र लिहिताना या लोकांना विसरून चालत नाही, अनिश्चितता सगळ्यात जास्त त्यांच्याच वाट्याला होती.

बरं, कॉर्टिसॉल वाढलं, मग काय बिघडलं? काहीच नाही, वाढायलाच पाहिजे. सकाळी उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात ते आपोआप उसळतं, त्याशिवाय दिवस सुरू होत नाही, आणि मध्यरात्रीच्या सुमाराला तळाला जातं. साखळी अशी आहे की मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस सीआरएच नावाचं रसायन सोडतो, ते पिट्युटरीला, म्हणजे शाळेच्या पुस्तकातल्या पीयूषिका ग्रंथीला, सांगतं की एसीटीएच सोड, ते रक्तातून मूत्रपिंडांवर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींकडे जातं, आणि त्या कॉर्टिसॉल बनवतात. सुंदर भाग यापुढे आहे. हेच कॉर्टिसॉल परत मेंदूत जाऊन सांगतं की झालं, आता थांबवा. गीझरमधला थर्मोस्टॅट पाणी तापलं की कॉइल बंद करतो तसंच.

हे "थांबवा" ऐकणारे दोन प्रकारचे कान मेंदूत आहेत, म्हणजे ग्राहक-प्रथिनं, एमआर आणि जीआर. एमआर कॉर्टिसॉलला जीआरपेक्षा दहाएक पट घट्ट धरतं, त्यामुळे रात्री कॉर्टिसॉल अगदी कमी असतानाही एमआर बऱ्यापैकी भरलेलंच असतं. जीआर भरतं ते फक्त सकाळच्या उसळीत किंवा ताणात, आणि मोठा ताण आटपायचं काम मुख्यतः जीआरचं. म्हणजे बंद करायचं बटण तेव्हाच दाबलं जातं जेव्हा कॉर्टिसॉल नीट वर जातं, आणि पुढच्या वेळेसाठी ते बटण मोकळं तेव्हाच होतं जेव्हा कॉर्टिसॉल नीट खाली येतं. त्यात कॉर्टिसॉल सलग वाहत नाही, साधारण तासातासाने ठोके पडतात, आणि जीआर त्या ठोक्यांबरोबर डीएनएवर बसतं-उठतं. आता पातळी दिवसभर मधल्यामधेच रेंगाळत राहिली तर पेशी जीआर बनवणंच कमी करतात, प्राण्यांमध्ये हे स्पष्ट दिसलंय, बंद करायचा सिग्नल अशक्त होतो, आणि त्यामुळे पातळी आणखी रेंगाळते. (इथे कंटाळा आला असेल तर एवढंच धरा की उंच चढ चालतो, उतार न मिळणं चालत नाही.) शरीरावर अशी जी झीज साचत जाते तिला ब्रूस मॅकइवन यांनी १९९३ मध्ये अ‍ॅलोस्टॅटिक लोड म्हटलं.

इथेच एक धंदा सुरू होतो. ग्रंथी दमल्या, "अ‍ॅड्रिनल फटीग" झालाय, ही गोळी घ्या, हा काढा घ्या, कॉर्टिसॉल डिटॉक्स करा. २०१६ मध्ये ब्राझीलच्या दोन संशोधकांनी ५८ अभ्यास तपासून स्वच्छ सांगितलं की असं काही असल्याचा पुरावा नाही. ग्रंथी खरोखर निकामी होतात तेव्हा त्याला अ‍ॅडिसनचा आजार म्हणतात, तो जिवावरचा असतो आणि रील बघून बरा होत नाही. बर्नआउट झालेल्यांचं कॉर्टिसॉल कुठल्या अभ्यासात जास्त निघतं, कुठे कमी, कुठे सकाळची उसळी सपाट, त्यामुळे बर्नआउट सांगणारी रक्ततपासणी आज अस्तित्वात नाही, आणि सकाळचं एक कॉर्टिसॉल तपासून पॅकेज विकणाऱ्या लॅबला पैसे देऊ नका. थकवा, झोप, वजन यांचा त्रास असेल तर डॉक्टरकडे जा, थायरॉइड, हिमोग्लोबिन, नैराश्य हे आधी बघायला लागतं.

तर उतार. जर्मन मानसशास्त्रज्ञ साबिने सोनेनटाग यांचं बरंच काम यावर आहे की काम संपल्यावर डोक्यातूनही काम जायला लागतं, नुसतं शरीराने ऑफिस सोडून भागत नाही. २००६ मध्ये योस ब्रॉसखोट आणि सहकाऱ्यांनी मांडलं की घोळत राहणारी काळजीच शरीराला ताणात ठेवते, म्हणजे मीटिंग तासाभराची पण तिचा विचार सहा तास, तर शरीराच्या हिशोबात बराचसा ताण त्या सहा तासांचाच. आधी कॉलेज सुटल्याची बेल होती, स्टाफरूममधला चहा आणि कुचाळक्या होत्या, स्कूटरवरची अर्ध्या तासाची शिव्याशाप देत केलेली वाट होती. ट्रॅफिकचं कौतुक करायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं, पण तो उतार होता. लॉकडाऊनमध्ये लॅपटॉप बंद केला की समोर तीच खुर्ची, तीच खोली, आणि रात्री अकराला व्हॉट्सअ‍ॅपवर "सर लिंक ओपन होत नाहीये". त्यात नॅकची (कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेची) माहिती उद्यापर्यंत हवी. आणि यावर उपाय काय, तर शनिवारी संध्याकाळी "ताणमुक्त शिक्षक" वेबिनार, उपस्थिती सक्तीची, फीडबॅक फॉर्म भरला तरच ई-सर्टिफिकेट. ध्यान-प्राणायामाला माझा विरोध नाही, पण उताराच्या जागेवर आणखी एक मीटिंग ठेवून तिला उतार म्हणणं म्हणजे जरा जास्तच झालं.

फ्रान्समध्ये कामाच्या वेळेनंतर संपर्कात नसण्याच्या हक्काचा कायदा १ जानेवारी २०१७ पासून लागू आहे. आपल्या जिल्ह्यातल्या बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी डिसेंबर २०१८ मध्ये लोकसभेत असंच खासगी विधेयक मांडलं होतं, त्याचा कायदा झाला नाही. पण विभागप्रमुखांनी रात्री आठनंतर ग्रुप "ओन्ली अ‍ॅडमिन"वर टाकायला आणि स्वतःही काही न टाकायला संसदेची परवानगी लागत नाही. ऑनलाइन तास तर आता पूर्णपणे जाणार नाहीतच, तर डेटा पॅक सगळ्यांना परवडत नाही हे धरून, प्रत्येक तासाला पाच-सहा मुलांनी आळीपाळीने कॅमेरा चालू ठेवायचा एवढं वर्गाने ठरवावं. आणि समजलं तर मान डोलवा, नाही समजलं तर कपाळाला आठ्या घाला, शिक्षकाला दोन्ही चालतं.