बोटीवरच्या माणसाचा माग : ग्राहकांसाठी माहिती

"आजोबा बोटीवर होते, त्यापलीकडे काही ठाऊक नाही." आमच्याकडे येणारी बहुतेक कामे या एका वाक्याने सुरू होतात. ट्रंकेत एक फोटो असतो, पाठीमागे पोर्ट सईदच्या नाहीतर डर्बनच्या स्टुडिओचा शिक्का. कधी प्रकरण याहून अवघड असते. माणूस गावात येऊन राहिला, संसार केला, गेला, आणि मूळचा कुठला हे त्याने बायकोलाही सांगितले नाही. लावत होता ते नाव तरी त्याचे होते का, याचीही खात्री नसते. अशा माणसाचे मागचे आयुष्य व्यापारी जहाजांच्या जुन्या नोंदींतून कसे शोधतात आणि त्यात तुमची मदत कुठे लागते, ते या पत्रकात सांगितले आहे.

नाव नंतर, आधी जहाज

सगळे आधी नाव सांगतात. आम्हाला नावाचा उपयोग सर्वांत शेवटी होतो. ब्रिटिश कंपन्यांच्या बोटींवर भरती होताना खलाशाने किंवा सारंगाने (खलाशांच्या मुकादमाने) नाव तोंडी सांगायचे आणि कारकुनाने कानाला लागेल तसे लिहायचे, असा कारभार होता. आडनाव बहुधा नसेच. स्वतःचे नाव आणि बापाचे, संपले. इब्राहिम, हसन, फ्रान्सिस एकाच बोटीवर चार-चार सापडतात. वये तीस, पस्तीस, चाळीस अशी अंदाजपंचे. गाव लिहिले असलेच तर इंग्रजी कागदांत दाभोळचे 'डाबूल', बाणकोटचे 'बँकूट' आणि रत्नागिरीचे 'रटनागेरी' झालेले असते.

जहाजाचे तसे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ब्रिटनमध्ये नोंदलेल्या जहाजाला एक अधिकृत क्रमांक मिळू लागला. मालक बदलला, जहाजाचे नाव बदलले, तरी क्रमांक तोच राही. खलाशांच्या याद्या या क्रमांकानेच लावलेल्या आहेत. म्हणून एखादे जुने पत्र, मनीऑर्डरची पावती, पेटीवर रंगवलेले बोटीचे नाव, काहीही चालेल. जहाज कळले की आम्हाला वाट दिसते.

याद्या मात्र एका जागी नाहीत. 1863 ते 1938 या काळातल्या सुमारे सत्तर टक्के याद्या कॅनडात, न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठात आहेत. दहा टक्के नमुना म्हणून लंडनच्या क्यू भागातल्या राष्ट्रीय अभिलेखागारात ठेवला. ज्या सालांच्या शेवटी पाच येतो त्या सालांच्या उरलेल्या याद्या ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात गेल्या. त्यांतल्या 1915 सालच्या याद्या स्वयंसेवकांनी उतरवून काढल्या आहेत आणि त्या इंटरनेटवर फुकट पाहता येतात. तेवढ्यासाठी आम्हाला पैसे देऊ नका, घरबसल्या बघून घ्या.

आता खरी अडचण. मुंबईत भरती झालेल्या खलाशांचा करार गोऱ्या नाविकांच्या करारापेक्षा वेगळा, सारंगाच्या हाताखालच्या टोळीचा असे. तो बहुधा भारतातच राहिला आणि असे फार थोडे करार टिकले. म्हणजे जहाजाची यादी सापडली तरी तुमचा माणूस तीत असेलच असे नाही. हे आम्ही पैसे घेण्याआधी सांगतो, कारण काम इथेच अडण्याचा संभव जास्त. तोच माणूस लंडन-लिव्हरपूलला उतरून ब्रिटिश करारावर चढला असेल, तर चित्र बदलते. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, 1918 ते 1921 या वर्षांत, ब्रिटनने नाविकांची फोटोसह कार्डे केली होती. ट्रंकेतला चेहरा आणि कार्डावरचा चेहरा समोरासमोर ठेवता आला, तर नाव खोटे असले तरी माणूस सापडतो.

हुद्दा काय सांगतो

सारंग, तांडेल, सुकाणी, खलाशी हे डेकवरचे. आगवाले आणि कोळसेवाले इंजिनाकडचे. भंडारी स्वयंपाकाचा, टोपाज झाडलोटीचा. मुंबईहून सुटणाऱ्या पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर डेकवर कोकणी मुसलमान पुष्कळ, इंजिनाकडे पंजाबी आणि पठाण, तर सलून (उतारूंचा जेवणाचा दिवाणखाना) आणि पँट्रीत गोव्याचे ख्रिस्ती. त्यामुळे हुद्द्यावरून मुलखाचा अंदाज बांधता येतो, पण तो अंदाजच. नुसत्या हुद्द्यावरून गाव ठरवून देणाऱ्यापासून सावध राहा.

माणूस गोव्याचा निघाला तर शोधाची दिशाच फिरते. 1961 पर्यंत तो कागदोपत्री पोर्तुगीज प्रजा. मग चर्चमधली बाप्तिस्म्याची पुस्तके आणि पणजीचे अभिलेखागार बघावे लागते. मुंबईत धोबीतलाव आणि माझगावला गोव्यातल्या एकेका गावाच्या कुडी, म्हणजे गावकऱ्यांच्या उतरायच्या जागा, होत्या. बोट मिळेपर्यंत तारवटी (बोटीवर काम करणारे) तिथेच राहायचे. सरकारी कागदाने दगा दिला तरी कुडीतल्या म्हाताऱ्यांना कधीकधी घराणे आठवते.

परत न आलेले

कुणाचा माणूस समुद्रावरच गेला असेल तर शोध, सांगायला वाईट वाटते, पण सोपा होतो. ब्रिटिश जहाजांवरच्या मृत्यूंची वेगळी पुस्तके 1891 पासून आहेत. पहिल्या महायुद्धात गेलेल्या दोन हजारांवर भारतीय नाविकांचे स्मारक मुंबईत मशीद बंदरजवळच्या खलाशीगृहात आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या सहा हजारांवर नावांची नोंदवहीही तिथलीच. लंडनच्या टॉवर हिल स्मारकावर ही नावे शोधू नका, तिथे लास्कर, म्हणजे ब्रिटिश बोटींवरचे हिंदी खलाशी, नाहीत. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदींत काही ठिकाणी बापाचे नाव आणि गावही दिलेले आहे.

तारीख कळली की बोट ओळखता येते. 1915 च्या 30 डिसेंबरला 'पर्शिया' क्रीटजवळ बुडाली, मुंबईला येत होती, 343 माणसे गेली. 23 नोव्हेंबर 1942 ला 'तिलावा' मुंबईहून निघून तीन दिवसांत जपानी पाणबुडीने बुडवली, 280 गेली. "दिवाळी झाल्यावर गेला आणि तार आली" एवढी आठवणसुद्धा आम्हाला पुरते.

स्वातंत्र्यानंतरची प्रकरणे

इथे काम इथल्याच कचेऱ्यांत असते : बॅलार्ड इस्टेटचे शिपिंग ऑफिस आणि 1966 च्या कायद्याने आलेला नाविकांचा भविष्य निर्वाह निधी. निधीच्या कागदावर वारस म्हणून लावलेले नाव नीट वाचतो. ते नाव तुमच्या आजीचे नसण्याची शक्यता असते. ते ऐकायची तयारी घरात सगळ्यांची आहे का, हे विचारूनच आम्ही पुढे जातो. आमचा अहवाल म्हणजे वारसदाखला नव्हे. कोर्टात लावायच्या प्रमाणित प्रती त्या त्या कचेरीतूनच घ्याव्या लागतात.

येताना काय आणाल

सर्वांत मोलाचे म्हणजे खलाशाचे नोंदपुस्तक, म्हणजे सीडीसी. त्यात चढण्या-उतरण्याच्या तारखा, बंदर, जहाज, हुद्दा आणि वागणुकीचा शेरा ओळीने असतो. जुन्या ब्रिटिश पुस्तकांत शेऱ्याच्या जागी 'डी. आर.' दिसले तर कप्तानाने मत द्यायला नकार दिला होता, म्हणजे काहीतरी बिनसले होते. दोन नोंदींमधले अंतर त्याहून जास्त बोलते. वर्षभर बोट नाही, आणि मग दुसऱ्याच बंदरातून, वेगळ्या हुद्द्याने भरती. अनोळखी माणसाची गोष्ट बहुधा तशा वर्षात दडलेली असते.

पुस्तक, फोटो, पत्रे मूळची आणा. आम्ही तुमच्यासमोर स्कॅन करून लगेच परत देतो. दरपत्रक सोबत जोडले आहे. आधी फक्त पहिल्या टप्प्याचे पैसे. त्यात जहाज ठरले नाही तर पुढचा टप्पा आम्ही घेत नाही. आणि कृपा करून पुस्तकाला लॅमिनेशन करू नका, सुटी पाने सेलोटेपने चिकटवू नका, फोटोच्या मागचा पुठ्ठा सोलू नका. रिकामी वाटणारी पानेही तशीच राहू द्या, पुसट शिक्के तिरप्या उजेडात वाचता येतात.