पिरोजा आणि पोवळ्याचे मणी

पिरोजा हे खनिज आहे आणि पोवळे हा समुद्री जीवांच्या वसाहतीने घडवलेला कठीण सांगाडा. दोघांचे कूळ वेगळे, तरी तिबेट, लडाख व नेपाळच्या दागिन्यांत निळा आणि तांबडा मणी एकाच सरात ओवण्याची रीत जुनी आहे. लडाखी स्त्रियांच्या पेराक या शिरोभूषणावर पिरोज्यांच्या ओळीच शिवलेल्या असतात. हिमालयात पोवळे आले ते भूमध्य समुद्रातून. युरोपातून जाणाऱ्या पोवळ्याला काश्मीरात सर्वाधिक मागणी असल्याचे मार्को पोलोने नोंदवले आहे. सतराव्या-अठराव्या शतकांत इटलीतील लिव्होर्नोचे ज्यू व्यापारी लिस्बनमार्गे गोव्याला पोवळी पाठवत आणि बदल्यात हिरे घेत.

पिरोजा म्हणजे तांबे व ॲल्युमिनियम यांचे जलयुक्त फॉस्फेट. कोरड्या प्रदेशात तांब्याच्या साठ्यांवरून झिरपणारे पाणी खडकाच्या भेगांत ते साचवते, म्हणून तो बहुधा पातळ शिरांच्या व गाठींच्या रूपात सापडतो. निळाई तांब्याची, लोह वाढले की रंग हिरवटतो. कठिनता (मोह्सच्या १ ते १० मापावर) ५ ते ६, विशिष्ट गुरुत्व सुमारे २.६ ते २.९. इराणातील नेशाबूर, इजिप्तचा सिनाई, चीनचा हूबेई प्रांत आणि अमेरिकेतील ॲरिझोना व नेव्हाडा ही त्याची प्रसिद्ध क्षेत्रे. मण्यावरच्या तपकिरी-काळ्या रेषा मूळ खडकाच्या असतात, पण त्या दिसल्या म्हणून मणी खरा ठरत नाही. नकलेवरही त्या काढता येतात.

‘अस्सल की नकली’ हा प्रश्न पिरोज्याच्या बाबतीत अपुरा पडतो. काहीही प्रक्रिया न केलेला, पुरेसा घट्ट पिरोजा थोडाच निघतो. उरलेला बराचसा सच्छिद्र आणि ठिसूळ असतो. त्यात मेण किंवा राळ मुरवून तो घट्ट केल्याशिवाय मणी पाडताना फुटतो. असा मणी खराच पिरोजा आहे. विकणाऱ्याने प्रक्रिया सांगितली, तर त्यात खोट नाही. रंग चढवलेला पिरोजा ही पुढची पायरी, आणि चुरा राळेत दाबून केलेला ठोकळा त्याच्याही पुढची. पुनर्घटित म्हणून विकल्या जाणाऱ्या काही ठोकळ्यांत पिरोजा नावालाही नसतो. बाजारात सर्वाधिक दिसते ती नक्कल म्हणजे निळे रंगवलेले हाउलाइट आणि मॅग्नेसाइट ही पांढरी खनिजे. ‘पांढरा पिरोजा’ म्हणून मिळतात ते मणीही सहसा हेच, फक्त न रंगवलेले. ‘आफ्रिकन टर्क्वाइज’ हा तर रंगवलेला जॅस्पर, म्हणजे गारेच्या जातीचा अपारदर्शक दगड.

मण्याची पारख करताना आधी भोक पाहावे. रंगवलेल्या मण्यात भोकाच्या कडेला रंग गडद साचतो, किंवा रंग चढवल्यानंतर भोक पाडले असेल तर आत पांढरा गाभा उघडा पडतो. ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापूस आतल्या बाजूला फिरवल्यास पुष्कळ रंग सुटतात. न सुटल्यास मात्र काहीच सिद्ध होत नाही. तापलेल्या सुईने राळेचा वास येतो खरा, पण मणी डागतो, म्हणून हा प्रयोग दुकानदाराच्या मालावर करू नये. झॅकरी पद्धत ही राळ न वापरता पिरोज्याची सच्छिद्रता कमी करणारी प्रक्रिया. तिने सुधारलेल्या पिरोज्यात राळ नसते, त्यामुळे तो भिंगाखाली नैसर्गिकच वाटतो. तो ओळखायला प्रयोगशाळेत रासायनिक विश्लेषण लागते.

दागिन्यांतील तांबडे पोवळे मुख्यतः भूमध्य समुद्रातील कोरॅलियम रुब्रम या जातीचे. जपान व तैवानच्या समुद्रातही जवळच्या जाती मिळतात. ते कॅल्शियम कार्बोनेटचे असते, लाली कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांची. कठिनता ३ ते ४ एवढीच. फांदीची जाडी वर्षाला अर्धा मिलिमीटरसुद्धा वाढत नाही, म्हणून ८ मिलिमीटरच्या मण्यामागे दशकांची वाढ असते. दहापट भिंगाखाली खऱ्या मण्यावर फांदीच्या लांबीने जाणाऱ्या बारीक समांतर रेघा आणि आडव्या छेदात झाडाच्या खोडासारखी वलये दिसतात. काचेत त्या नसतात, पण हवेचे बुडबुडे दिसू शकतात. प्लास्टिक हाताला हलके लागते आणि साच्याची शिवण राहते. बांबू पोवळे हाही पोवळ्याचाच प्रकार, पण फिका; तो लाल रंगवून स्वस्त माळांत खपवतात. त्याच्या रेघा ठळक व विरळ असतात.

पोवळे दुधात टाकून पाहण्याची घरगुती रीत सांगितली जाते. दूध लालसर झाले तर रंग सुटतो एवढेच कळते. लाल काच आणि प्लास्टिक या परीक्षेत सहज उत्तीर्ण होतात.

दोन्ही मणी एका सरात ओवताना पिरोज्याची कठिनता पोवळ्याला नडते. प्रत्येक मण्यानंतर गाठ मारली किंवा मध्ये चांदीचा बारीक मणी घातला तर घासाघीस टळते. घाम, लिंबू, व्हिनेगर पोवळ्याची झिलई खातात. तेल आणि अत्तर सच्छिद्र पिरोज्यात मुरून तो हिरवट पडतो.

नेपल्सजवळचे टोर्रे देल ग्रेको हे आजही पोवळे घडवणाऱ्यांचे गाव आहे. समुद्रतळ खरवडणाऱ्या पोवळ्याच्या जाळ्यांवर युरोपीय संघाने १९९४ मध्ये बंदी घातली. पॅसिफिकमधील चार जाती चीनच्या विनंतीवरून २००८ मध्ये साइटीस या वन्य जीव-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराच्या तिसऱ्या परिशिष्टात आल्या. कोरॅलियम रुब्रम त्यांत नाही. मालवणच्या समुद्रातील प्रवाळ मात्र खडक बांधणारे, निराळ्या गटातले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण आहे आणि ते काढणे किंवा विकणे हा गुन्हा ठरतो.