पार्श्वभूमी : चाकूच्या मुठीवरचा खरखरीतपणा आणि त्याची झीज

चाकूच्या माहितीपत्रकात मुठीपुढे ‘जी-टेन’ किंवा ‘मायकार्टा’ असे तक्त्याचे, म्हणजे राळेत कापड दाबून केलेल्या साहित्याचे, नाव एवढेच छापलेले असते. त्यावरून मूठ तापमानाने वाकणार नाही, पाण्याने कुजणार नाही हे कळते. ओल्या हातात ती टिकेल का, हे कळत नाही. पकड ठरते ती पृष्ठभागावर शेवटी काय काम केले यावरून, आणि नेमके तेच काम सगळ्यात आधी झिजते.

जुन्या मुठींचा खरखरीतपणा आयता मिळत असे. तलवारीच्या मुठीवर पाकटाचे दाणेदार कातडे, चाकूला शिंग नाहीतर हाड. भारतातल्या सांबराचे शिंग भरीव आणि वरून खडबडीत, म्हणून इंग्लंडमधल्या शेफिल्डचे आणि जर्मनीतल्या झोलिंगेनचे चाकू-कारागीर ते मागवत. उगाळून लेप लावायला आपल्याकडे घरोघरी असायचे, तेच हे साबरशिंग. १९९० च्या दशकाच्या अखेरीस त्याची निर्यात बंद झाली. त्याच्या बऱ्याच आधीपासून गुरांच्या नळीच्या हाडावर खाचा पाडून शिंगाची नक्कल चालू होती. दोन्हींची झीज सारखीच : उंचवटे गुळगुळीत होतात, खाचांत मळ बसून त्या काळवंडतात. दिसायला मूठ सुंदर होते, पण धरायला वाईट.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश कमांडोंच्या खंजिराला आधी पितळी मूठ होती, तिच्यावर बारीक चौकटींचे नर्लिंग, म्हणजे धातूवर दाबून उमटवलेली खरखरीत नक्षी. पुढे उत्पादन सोपे व्हावे म्हणून ओतीव मिश्रधातूवर आडवी कडी आली. अमेरिकन मरीनांच्या १९४२ च्या चाकूला चामड्याच्या चकत्या एकावर एक दाबून मूठ केली होती. चामडे हाताचा घाम शोषते, म्हणून पकड चांगली; दमट जंगलात मात्र त्याला बुरशी धरते.

फिनॉलिक राळ १९०७ मध्ये तयार झाली. १९१० च्या सुमारास तिच्यात कागद किंवा कापड भिजवून, उष्णता आणि दाब देऊन तक्ते होऊ लागले; मायकार्टा त्यातलाच. ते विजेच्या उपकरणांत निरोधक म्हणून वापरले जात. चाकू बनवणाऱ्यांनी हे तक्ते मोठ्या प्रमाणावर उचलले ते १९६० आणि ७० च्या दशकांत. मायकार्टाचे गुपित त्याच्या सुती कापडात आहे. १२० ग्रिटच्या पॉलिश पेपरवर (ग्रिटचा आकडा जितका मोठा, तितका कागद बारीक) घासले की राळेतून सुताची टोके उघडी पडतात. पाणी लागले की ती किंचित फुगतात, म्हणून ओल्या हातात मूठ उलट जास्त धरते. हीच मूठ ६०० ग्रिटच्या पुढे घासून चमकवली की टोके राळेत दबतात आणि तो गुण संपतो. वर्षानुवर्षे हाताळल्यावर त्वचेचे तेल छिद्रांत भरते, रंग गडद होतो, हाताखाली तुळतुळीत पट्टा तयार होतो. पुष्कळ जण याला ‘मुरणे’ म्हणून कौतुक करतात. कामाच्या चाकूवर ती पकड गेल्याची खूण आहे.

सगळा गोंधळ आहे तो जी-टेनमध्ये. ही अमेरिकेतल्या विद्युत उद्योगाची प्रतवारी. ‘जी’ म्हणजे काच : काचेच्या धाग्याचे विणलेले कापड इपॉक्सी राळेत भिजवून दाबलेले. प्रत ठरते निरोधकता, मजबुती, पाणी शोषण्याचे प्रमाण यांवर; पृष्ठभाग कसा असावा याबद्दल तिच्यात अवाक्षर नाही. दाबयंत्रातून तक्ता बाहेर पडतो तो दोन गुळगुळीत पत्र्यांमधून, चकचकीत. तसाच मुठीला लावला तर साबणाच्या हातातून तो सुटतोच. त्याच जातीच्या आग-रोधक तक्त्याला एफआर-फोर म्हणतात. बाजारात तोही जी-टेन म्हणून विकला जातो आणि त्यावर वाद रंगतात. पकडीपुरता त्या दोघांत काही फरक नाही. फरक आहे तो खरखरीतपणा कसा आणला यात, आणि तीन वेगवेगळ्या रीतींना बाजाराने एकच नाव दिले आहे.

पहिली रीत पील-प्लायची. दाबण्याआधी वरच्या थरावर नायलॉनचे किंवा पॉलिस्टरचे कापड ठेवतात आणि इपॉक्सी घट्ट झाल्यावर ते ओरबाडून काढतात. मागे विणीचा ठसा राहतो. नवा असताना हा ठसा हाताला करकरून धरतो. पण त्याचे उंचवटे निव्वळ इपॉक्सीचे, आत काच नाही; तर्जनी टेकते आणि तळहाताची गादी बसते तिथले उंचवटे आधी गोल होतात. शिवाय ठसा फक्त सपाट पृष्ठभागावर राहतो. कडा गोलाकार केल्या की तिथला ठसा गेला. पील-प्लायच्या मुठी फळीसारख्या सपाट असतात त्या याचमुळे.

दुसरी रीत यंत्राने खाचा पाडण्याची. कापल्यामुळे काचेच्या धाग्यांची टोके वर येतात, खाच खोल असते आणि पाणी, रक्त, माशाचा चिकटा तिच्यात उतरायला जागा मिळते. बारीक खरखर अशा चिकट्यात लगेच बुजते. इंचाला २० रेघांच्या चौकटीत दोन रेघांमध्ये १.२७ मिमी अंतर पडते. टोक ९० अंशांचे असेल तर खोली ०.६ मिमीच्या आसपास. अशा टोकाची उंची ०.१ मिमीने झिजली की माथ्यावर ०.२ मिमी रुंद सपाटी येते. बोटाला बोथटपणा जाणवतो, तरी खाच बरीचशी शिल्लक असते. म्हणून ही पकड सर्वांत जास्त टिकते.

तिसरी रीत ब्लास्टिंगची. बारीक कणांच्या माऱ्याने इपॉक्सी आधी उडते, विणीचे धागे किंचित वर राहतात. गोलाईवरही हे जमते. कोरड्या हाताला उत्तम, तेलकट हाताला कमी.

जी-टेन मुठींवर आला तो १९८० च्या दशकात, आणि त्याच सुमारास खिशाची क्लिपही रुळली. कोलोरॅडोतल्या एका कंपनीने १९८१ मध्ये घडीच्या चाकूला क्लिप लावली. चाकू खिशाच्या काठावर टांगला जाऊ लागला, कापड क्लिप आणि मूठ यांच्यात चिमटले जाऊ लागले, आणि खिशाच्या कडा फाटू लागल्या. तक्रारी आल्यावर काही उत्पादकांनी सगळी मूठच गुळगुळीत केली. हा निर्णय मला पटत नाही. क्लिपखालचा अंगठ्याएवढा भाग २२० आणि मग ४०० ग्रिटने घासला तर खिसा वाचतो. तिथे बोटांची पकड फारशी नसतेच.

त्याच कंपनीने १९९० मध्ये काचतंतू मिसळलेल्या नायलॉनच्या साच्यातल्या मुठी आणल्या. नक्षी साच्यातच, वेगळा खर्च नाही. पुढे दोन्ही दिशांना अडवणारी चौकट आली. नायलॉनला पाणी आणि डास पळवणारे डीट फारसे बाधत नाहीत. रबरासारख्या मऊ मुठींना मात्र डीट आणि तेल चिकट करून टाकतात, आणि त्यावर इलाज नाही.

बाकीच्यांवर आहे. आधी भांड्यांचा साबण, कोमट पाणी आणि कडक ब्रश. बुजलेली पकड पुष्कळदा एवढ्यानेच परत येते. मायकार्टाला नंतर अॅसिटोनचा बोळा फिरवून १२० ग्रिट एकाच दिशेने. जी-टेन घासायचा तो पाण्याखाली, मास्क लावून. काचेची धूळ फुप्फुसात जाऊ नये. पील-प्लायचा ठसा घासून परत येत नाही. मुठीच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या काढून ब्लास्ट करून घ्यायच्या, आणि त्याआधी स्क्रूची भोके व टेकण्याच्या जागा टेपने झाकायच्या, नाहीतर परत बसवताना स्क्रू ढिले पडतात.