कॅमेऱ्यातले फोकस स्टॅकिंग : शब्दाच्या गुंत्याची पार्श्वभूमी

फोकस स्टॅकिंग म्हणजे वेगवेगळ्या अंतरांवर फोकस करून घेतलेल्या फ्रेम जोडून सगळीकडे स्पष्ट असे एक चित्र करणे. पण नुसत्या फ्रेम घेण्यालाही हाच शब्द लावला जातो, आणि इथली चर्चा त्या गुंत्याची आहे. मॅक्रो छायाचित्रणात, म्हणजे लहान वस्तू अगदी जवळून टिपताना, अधिक खोली स्पष्ट मिळावी म्हणून अॅपर्चर (लेन्सचे छिद्र) बंद करत जाण्याला मर्यादा आहे. फुल-फ्रेम सेन्सरवर 1:1 प्रमाणात (सेन्सरवरची प्रतिमा वस्तूएवढीच) एफ/8 ठेवले, तरी जेमतेम 1 मिलिमीटर खोली स्पष्ट मिळते. त्यातच प्रभावी अॅपर्चर एफ/16 झालेले असल्याने, त्याहून पुढे बंद केल्यास विवर्तनामुळे (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे) सगळीच प्रतिमा मऊ पडू लागते. यावरचे उपाय डिजिटल कॅमेऱ्याच्या आधीचे आहेत. 1960च्या दशकात प्रकाशाच्या अतिशय पातळ पडद्यातून वस्तू हळूहळू सरकवून एकाच फिल्मवर तिचे सर्व थर टिपले जात असत. 1980च्या दशकात वेगवेगळ्या अंतरांवर फोकस केलेल्या सूक्ष्मदर्शक-प्रतिमा संगणकावर जोडण्याचे प्रयोग झाले. पुढे डिजिटल कॅमेरा, फोकसिंग रेल (कॅमेरा मोजून पुढेमागे सरकवणारी पट्टी) आणि संगणकावरचे जोडणीचे सॉफ्टवेअर हे त्रिकूट अनेक मॅक्रो छायाचित्रकारांच्या रोजच्या वापरात आले.

आजच्या चर्चेच्या दृष्टीने खरे महत्त्व 2014 नंतरच्या काळाला आहे. त्या वर्षी ऑलिंपसच्या टीजी-3 या लहानशा, पाण्यात चालणाऱ्या कॅमेऱ्याच्या मायक्रोस्कोप मोडमध्ये दोन वेगळ्या सोयी शेजारीशेजारी आल्या. फोकस ब्रॅकेटिंगमध्ये कॅमेरा फोकस सरकवत अनेक फ्रेम घेई आणि त्या तशाच कार्डवर ठेवी. फोकस स्टॅकिंगमध्ये तो त्या फ्रेम स्वतः जोडून एक तयार चित्रही देई. 2015च्या नोव्हेंबरात फर्मवेअर 4.0 (कॅमेऱ्याच्या आतले सॉफ्टवेअर) मुळे हीच जोडी ऑलिंपसच्याच ई-एम1 या लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यावर आली. त्यात स्टॅकिंगसाठी 8 फ्रेम ठरलेल्या होत्या, जोडलेले चित्र जेपेगमध्येच मिळे, त्याच्या कडा थोड्या कापल्या जात आणि ही सोय मोजक्याच लेन्सवर चाले. ब्रॅकेटिंगमध्ये मात्र 999 फ्रेमपर्यंत जाता येत असे. नावे वेगळी आणि कामेही वेगळी, अशी ही विभागणी स्वच्छ होती, आणि ती तशीच टिकली असती तर पुढचा बराच गोंधळ टळला असता.

ती टिकली नाही. 2016 मध्ये दुसऱ्या एका उत्पादकाने 4के चित्रफितीतून फ्रेम निवडून कॅमेऱ्यातच जोडण्याची सोय दिली आणि तिलाही फोकस स्टॅकिंगच म्हटले. पण तयार चित्र सुमारे 8 मेगापिक्सेलचे असे. 2017च्या निकॉन डी850 या कॅमेऱ्यात 300 फ्रेमपर्यंतची सोय आली, तिचे नाव फोकस शिफ्ट. हे नाव विशेष अडचणीचे आहे, कारण अॅपर्चर बंद करताना गोलीय विपथनामुळे (लेन्सच्या कडेचे आणि मधले किरण एकाच जागी न जुळल्यामुळे) फोकसचे प्रतल सरकते, त्या दोषाला लेन्सच्या चर्चेत फार पूर्वीपासून फोकस शिफ्ट म्हणतात. त्यातून डी850 फ्रेम जोडत नव्हताच, तरीही विक्रीच्या मजकुरात आणि परीक्षणांत स्टॅकिंग हा शब्द त्याच्याशी सर्रास जोडला गेला, आणि तयार चित्राच्या अपेक्षेने कॅमेरा घेणाऱ्याच्या कार्डवर शेकडो सुट्या फ्रेम येऊन पडल्या. 2019 पासून आणखी एका मोठ्या उत्पादकाने ब्रॅकेटिंग आणले. कॅमेऱ्यातली जोडणी त्यांच्याकडे 2022 मध्ये डेप्थ कंपोझिटिंग या नावाने आली. खगोल छायाचित्रणात तर स्टॅकिंग म्हणजे फ्रेमची सरासरी काढून नॉइज (चित्रातला दाणेदारपणा) कमी करणे, म्हणजे पूर्णपणे निराळे काम.

मराठीत आपण पोळ्यांची किंवा नाण्यांची चळत म्हणतो, तेव्हा एकावर एक रचलेल्या सुट्या वस्तू डोळ्यांसमोर येतात. इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थही तेवढाच आहे. या अर्थाने ब्रॅकेटिंगमधून जे मिळते तीच चळत, आणि कॅमेरा जे हाती देतो ते चळतीतून निवडलेल्या स्पष्ट भागांचे नवे चित्र. म्हणून घेणे आणि जोडणे या दोन क्रियांना दोन नावे असावीत, हा आग्रह मला शब्दच्छल वाटत नाही. जोडणीत चुका कुठे होतात हे पाहिले की त्याचे कारण कळते. कीटकाची मिशी अंगावरून आडवी गेलेली असेल तर पुढच्या मिशीभोवती मागच्या फ्रेममधला धूसरपणा वलयासारखा उरतो. वाऱ्याने पाकळी हलली तर एका कडेच्या दोन कडा दिसतात. कास पठारावर दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीच्या चिकट केसांचे चित्र घेऊ पाहणाऱ्याला या दोन्ही अडचणी एकाच वेळी भेटतात. अशा वेळी सुट्या फ्रेम हाताशी असतील तर संगणकावर वेगळ्या पद्धतीने जोडून किंवा हाताने दुरुस्त करून चित्र वाचवता येते. केवळ जेपेग असेल तर नाही.

दुसरा गुंता पायरीचा आहे. दोन फ्रेममध्ये फोकस किती सरकवायचा, हे अनेक कॅमेऱ्यांत 1 ते 10 अशा आकड्यांनी ठरते, मिलिमीटरमध्ये नव्हे. प्रत्यक्ष सरकणे लेन्स, अॅपर्चर आणि प्रमाण यांवर अवलंबून असल्याने एका कॅमेऱ्यावरची 5 ही पायरी दुसऱ्यावर निरुपयोगी ठरते. रेलवर काम केलेल्या माणसाला मापाची सवय असते आणि त्याला हे खटकते, ते योग्यच आहे.

2022च्या ओएम-1 या कॅमेऱ्यामध्ये 3 ते 15 फ्रेम आतच जोडता येतात, आणि प्रकाश चांगला असेल तर हातात धरूनही काम होते. रेल आणि ट्रायपॉड लावेपर्यंत उडून जाणाऱ्या कीटकांसाठी हा बदल फार मोठा आहे. मात्र त्यामुळे निसर्ग छायाचित्रांच्या स्पर्धांमधला जुना प्रश्न अधिक धारदार झाला. काही ठिकाणी स्टॅकिंग चालते, पण ते सांगावे लागते. काही ठिकाणी एकाच एक्सपोजरची (शटर एकदाच उघडून घेतलेल्या चित्राची) अट असते. कॅमेऱ्यातून बाहेर पडणारी जोडलेली फाइल एकच असली तरी तिच्यामागे 3 ते 15 एक्सपोजर असतात. म्हणून एकाच एक्सपोजरच्या अटीत ती बसत नाही, आणि जिथे मूळ फाइल मागतात तिथे चळतीतली प्रत्येक फ्रेम द्यावी लागते.