दाढीच्या ब्रशची लाकडी मूठ: आम्ही ती कशी घडवतो आणि तुम्ही ती कशी जपावी

आमच्या प्रत्येक ब्रशची मूठ लाकडाच्या एका अखंड तुकड्यातून लेथवर हाताने कातलेली असते. कातण्याचे काम त्या मानाने लवकर होते. जास्त वेळ लागतो तो, रोज भिजूनही ते लाकूड वर्षानुवर्षे टिकावे यासाठी. ते काम तयार ब्रशवर फारसे दिसत नाही, म्हणून या पत्रकात त्याबद्दल सविस्तर लिहीत आहोत.

लाकूड

लाकडात अतिशय बारीक नळ्या असतात आणि त्या खोडाच्या लांबीच्या दिशेने धावतात. त्यांच्या उघड्या तोंडांतून पाणी जितक्या वेगाने आत शिरते, तितके ते लाकडाच्या बाजूंनी शिरत नाही. मूठ आम्ही नेहमी उभ्या रेषांची कातो, म्हणजे नळ्या मुठीच्या लांबीत धावतात, त्यामुळे ही तोंडे दोनच ठिकाणी येतात: मुठीच्या तळाला, आणि वर जिथे केसांचा झुपका बसतो त्या काठाला. ब्रश वापरताना नेमक्या याच दोन जागा सर्वांत जास्त ओल्या राहतात. आमची बहुतेक काळजी या दोन जागांसाठीच असते.

लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, जाडीत मात्र फुगते आणि आकसते. त्यातही खोडाच्या वर्तुळांच्या कडेने होणारा बदल केंद्राकडून सालीकडे होणाऱ्या बदलाच्या साधारण दुप्पट असतो. म्हणूनच ओल्या लाकडातून अगदी गोल कातलेली मूठ वाळल्यावर किंचित लंबगोल होते. हे टाळण्यासाठी आम्ही लाकूड पूर्ण मुरू देतो. हवेत वाळवताना दर इंच जाडीला एक वर्ष, हा कारागिरांचा जुना हिशोब आहे. लाकडातला ओलावा 8 ते 12 टक्क्यांवर आला की ते कामाला घ्यायचे. मग मूठ आधी जाडसर कातून ठेवतो. तिला जे काही वाकायचे असेल ते वाकू देतो आणि नंतर पुन्हा लेथवर चढवून शेवटचा आकार देतो. खोडाच्या अगदी मधला भाग आम्ही कधीच घेत नाही, कारण बहुतेक तडे तिथूनच सुरू होतात.

शिसम जड आणि घट्ट असते, हातात चांगले वजन देते. साग पाण्याला उत्तम तोंड देतो, पण त्यातल्या वाळूसारख्या कणांमुळे पटाशीची धार लवकर जाते आणि ती वारंवार लावावी लागते. ऑलिव्हच्या रेषा सर्वांत देखण्या. गाठींचे लाकूड दिसायला सुंदर असले तरी ते सच्छिद्र आणि ठिसूळ असते, त्यामुळे ते आम्ही निर्वात भांड्यात राळ शोषवून, तापवून पक्के केलेलेच वापरतो. असे लाकूड पाणी फारच कमी पिते. हाताला मात्र ते थोडे प्लॅस्टिकसारखे लागते. लाकडाचा स्पर्श हवा असेल तर शिसम किंवा साग घ्या, असेच आम्ही सुचवतो.

झुपक्याची खोबण

मूठ तडकते ती बहुधा इथेच. केसांच्या मुळाशी साचलेले पाणी सावकाश खाली झिरपते. खोबणीतले लाकूड कोरे असेल तर ते पाणी पिऊन फुगते आणि वाळल्यावर आकसते. आत बसलेला गोंदाचा कठीण गोळा मात्र जागचा हलत नाही. ही ओढाताण रोज होत राहिली की एक दिवस काठावर उभी चीर दिसते.

म्हणून आम्ही खोबण आधी पाडतो आणि तिलाच केंद्र धरून बाहेरचा आकार कातो, म्हणजे काठाची जाडी सगळीकडे सारखी राहते. खोबणीच्या आतल्या भिंती आणि तळ पातळ एपॉक्सीने (दोन भाग मिसळल्यावर कठीण होणाऱ्या गोंदाने) भिजवून पूर्ण बंद करतो. ते सुकल्यावरच झुपका चिकटवतो. साग आणि शिसम तेलकट असल्यामुळे त्याआधी ती जागा ॲसिटोनने पुसावी लागते, नाहीतर गोंद धरत नाही. भोक झुपक्याच्या बुडापेक्षा जरासे मोठे ठेवतो; अगदी घट्ट असेल तर आत अडकलेली हवा गोंद सुकायच्या आत झुपका वर ढकलते.

खोबणीच्या खोलीवर ब्रशचा स्वभाव ठरतो. तोच 24 मिलिमीटर व्यासाचा झुपका खोल बसवला तर केस आखूड आणि ताठ राहतात, वर ठेवला तर मऊ आणि लवचिक होतात. चेहऱ्यावरच फेस करत असाल तर ताठ ब्रश मागा, वाटीत करत असाल तर मऊ. ऑर्डर देताना हे आम्हाला जरूर सांगा, कारण नंतर बदल करणे अवघड असते.

लेप

घासकामानंतर मुठीवर पाणी न पिणाऱ्या पॉलियुरेथेनचे पातळ थर देतो. प्रत्येक थर पूर्ण सुकला की मगच पुढचा. तळाला एक थर जास्त. लाखेची चमक आम्हालाही मनापासून आवडते, पण गरम पाण्याने ती पांढुरकी पडते, म्हणून दाढीच्या ब्रशवर आम्ही ती वापरत नाही. नुसत्या तेलाची मूठ हवी असल्यास करून देऊ. तिला मधूनमधून जवसाचे तेल चोळावे लागेल. तेलाचे कापड चुरगळून ठेवू नका, ते आपोआप पेट घेऊ शकते. पसरून वाळवा, मगच टाका.

वापरताना

भिजवायचे ते फक्त केस. मूठ पाण्यात बुडवून ठेवू नका. पाणी कोमट असू द्या: साध्या एपॉक्सीचा गोंद 60 अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागतो, त्यामुळे उकळते पाणी झुपका सैल करते. दाढी झाल्यावर साबण पूर्ण धुऊन काढा, ब्रश जोरात झटका आणि केस टॉवेलवर हलकेच पुसा. मग तो उभा ठेवा किंवा केस खाली करून टांगा. नीट झटकला असेल तर दोन्ही चालते. बेसिनच्या ओल्या कडेवर मात्र ठेवू नका, तिथे तळ पाण्यातच राहतो. प्रवासात ओला ब्रश बंद डबीत घालू नका.

काठावर बारीक चीर दिसली किंवा तळाचा लेप निघाला तर वापर थांबवा, ब्रश पूर्ण वाळू द्या आणि आमच्याकडे पाठवा. चीर लहान असताना ती भरून पुन्हा लेप देता येतो. झुपका सैल झाला असेल तर घरी झटपट चिकटणाऱ्या गोंदाने बसवू नका: तो केसांत चढतो आणि मग झुपका कापूनच काढावा लागतो. केस झिजले तरी मूठ टाकू नका. जुना झुपका काढून, खोबण साफ करून त्याच मापाचा नवा आम्ही बसवून देतो.