आईच्या नावाचा रकाना

गेल्या महिन्यात पुतणी आणि तिच्या कॉलेजच्या तीन मैत्रिणी बेळगावातल्या अनगोळच्या आमच्या घरी, माडीवर, सिनेमाचं शूटिंग करत होत्या. दहा मिनिटांचा विज्ञानपट. प्रयोगशाळेत घडवलेल्या माणसांना सरकारने कायदेशीर मान्यता दिली आहे आणि तशीच एक बाई जन्मदाखल्यासाठी रांगेत उभी आहे, एवढीच गोष्ट. हातातला फॉर्म मात्र खरा होता, कन्नड आणि इंग्रजीतला. समासात पुतणीने पेन्सिलीने मराठी अर्थ लिहिले होते.

"काका, जन्मतारीख म्हणून लॅबमधून बाहेर काढलेली तारीख घातली. आईच्या नावात काय घालायचं सांगा की."

"रिकामं सोड."

"रिकामं सोडलं तर फॉर्म परत देतात की!"

मला तेव्हा काही सुचलं नाही. पण तो रकाना डोक्यातून जाईना.

कृत्रिम माणूस म्हटलं की डोळ्यासमोर लोखंडी सांगाडा येतो. पण 'रोबो' हा शब्द ज्या नाटकाने जगाला दिला, त्या कारेल चापेकच्या १९२० सालच्या 'आर. यू. आर.'मधले रोबो कृत्रिम मांसाचे आहेत, कणकेसारख्या मळलेल्या गोळ्यातून घडवलेले. चेक भाषेत 'रोबोता' म्हणजे वेठबिगार. मुलींच्या सिनेमातली बाईही हाडामांसाचीच, म्हणून पेशीपासून सुरुवात करू.

अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ क्रेग व्हेंटर यांच्या संस्थेने २०१६ साली फक्त ४७३ जनुकं असलेला जीवाणू तयार केला. त्याचा सगळा जनुकसंच रसायनांपासून जुळवलेला होता, पण तो ठेवावा लागला आधीच जिवंत असलेल्या एका जीवाणूच्या पेशीत. दह्याला जसं जुन्या दह्याचं विरजण लागतं, तसं इथेही जिवंत पेशीचं विरजण लागलंच. आणि त्या ४७३ पैकी १४९ जनुकं नेमकं काय काम करतात, हे खुद्द बनवणाऱ्यांनाही तेव्हा उलगडलं नव्हतं. माणसात प्रथिनं घडवणारी जनुकंच २०,००० च्या आसपास आहेत.

दुसरी वाट मूळपेशींची, म्हणजे ज्यांच्यापासून शरीरातल्या वेगवेगळ्या पेशी बनू शकतात त्यांची. २०२३ साली इस्रायलच्या वाइझमन संस्थेत जेकब हन्ना यांच्या गटाने स्त्रीबीज आणि शुक्राणू न वापरता, नुसत्या मूळपेशींपासून, १४ दिवसांच्या मानवी गर्भासारखी दिसणारी रचना वाढवली. तिच्यातून मूल जन्माला येऊ शकत नाही. या १४ दिवसांना कारण आहे. त्या सुमारास गर्भावर एक बारीक रेघ उमटते, डोकं कुठे आणि पाय कुठे ते ठरतं, आणि त्यानंतर एकाचे दोन जुळे सहसा होत नाहीत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसारही मानवी गर्भ प्रयोगशाळेत १४ दिवसांपुढे वाढवता येत नाही. माणसाच्या क्लोनिंगलाही, म्हणजे एखाद्याची जनुकीय नक्कल घडवायलाही, बंदी आहे.

मुलींच्या गोष्टीत मला एक मोठी उणीव वाटली, ती मी त्यांना सांगितली. १९९६ साली क्लोनिंगने डॉली मेंढी जन्मली, तेव्हा २७७ जुळवलेल्या अंड्यांपैकी २९ गर्भच मेंढ्यांच्या पोटात ठेवण्याजोगे झाले आणि जन्मलं एकच कोकरू. मग रांगेत उभी असलेली ही बाई कितव्या प्रयत्नातली? तिच्या आधीच्यांची नोंद कुठल्या वहीत आहे? माणूस घडवायला बंदी का, हे मला या एका हिशेबातून सगळ्यात नीट कळलं.

कायद्याचं काय? कायद्यात 'माणूस' आणि 'व्यक्ती' हे दोन वेगळे शब्द आहेत. आपल्याकडे देवाच्या नावावर शेत असतं. देव कोर्टात दावा लावू शकतो, हे प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या लंडनच्या सर्वोच्च अपील कोर्टाने, १९२५ सालीच मान्य केलं आहे. मात्र देवाच्या वतीने सही करायला वहिवाटदार लागतो. मार्च २०१७ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा आणि यमुनेला व्यक्ती ठरवलं, तेव्हा काही अधिकाऱ्यांना नद्यांच्या आईबापाच्या जागी नेमलं होतं. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. पूर येऊन कुणी बुडालं तर भरपाई कुणी द्यायची, हाही त्यातला एक सवाल होता. जुलैत त्या निकालाला स्थगिती मिळाली.

त्याच वर्षी फेब्रुवारीत युरोपीय संसदेने अतिप्रगत रोबोंना पुढेमागे 'इलेक्ट्रॉनिक व्यक्ती' मानावं का, याचा विचार व्हावा असा ठराव केला, तोही मुख्यतः नुकसानभरपाईसाठी. पुढच्या वर्षी दीडशेहून अधिक तज्ज्ञांनी पत्र लिहून विरोध केला. रोबोच जबाबदार ठरला तर बनवणारा सुटेल, हे त्यांचं म्हणणं मला पटतं.

आणि रांगेतल्या त्या बाईला दुखतं का? सी. एलेगन्स नावाच्या एक मिलिमीटर लांब कृमीत ३०२ चेतापेशी असतात. त्यांच्या जोडण्यांचा नकाशा १९८६ सालीच छापून आला. तरी त्या कृमीला काही जाणवतं की नाही, हे तो नकाशा पाहून कुणालाही सांगता आलेलं नाही. आपल्या मेंदूत अशा पेशी सुमारे ८६ अब्ज आहेत. 'ही जाणिवेची, ही बिनजाणिवेची' असा निवाडा देणारी कुठलीही तपासणी आज कुठल्याच प्रयोगशाळेत होत नाही. कायद्याला मात्र त्यासाठी थांबून चालत नाही. तो आधी विचारतो, हिच्यासाठी उत्तर कोण देणार?

हे सगळं मी रविवारी मुलींना सांगत होतो. आई शेजारी शेंगा सोलत ऐकत होती. जमिनीच्या उताऱ्यावर तिच्या नावात एक काना जास्त पडला होता. दोन्ही नावं एकाच बाईची आहेत, एवढं ॲफिडेव्हिटवर लिहून पटवायला आम्हाला दोन वर्षं लागली. पुतणीने फॉर्म पुन्हा पुढे केला आणि म्हणाली, "मग बनवणाऱ्या कंपनीचं नाव घालूया काय?"

"कंपनी रात्री उठून बघणार आहे काय तिला?" आई म्हणाली. "माझं घाला. काना-मात्रा तेवढा नीट बघून घाला."